डिसेंबरच्या पानामागे

तायडेबाई पहिल्या भेटीत कोणाला कागद मागत नसत. आधी स्वेटर विचारत.

नवा विद्यार्थी दारात उभा राहायचा. हातात प्लास्टिकची फाइल, अंगात बाह्या तोकड्या असलेला शर्ट, चेहऱ्यावर तीन विमानं आणि एक रेल्वे बदलून आल्याचा थकवा. बाई चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत आणि म्हणत, "नो स्वेटर, नो सिग्नेचर." मग गोदरेजच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडत. त्यात फायली नव्हत्या. संस्थेतल्या निवृत्त लोकांचे, त्यांच्या मोठ्या झालेल्या पोरांचे, कुठल्या कुठल्या काकांचे स्वेटर, मफलर आणि कानटोप्या डांबरगोळ्या घालून ठेवलेल्या असत. दिवाळीच्या साफसफाईत बाई घरोघर फिरून ते गोळा करत. दिलेल्या प्रत्येक स्वेटरची वेगळ्या वहीत नोंद व्हायची आणि घेणाऱ्याची सहीही.

अकोल्याचा उन्हाळा साऱ्यांना माहीत असतो. आफ्रिकेतून, अफगाणिस्तानातून आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांनाही कोणीतरी तेवढंच सांगून पाठवलेलं असायचं. हिवाळ्यातल्या सकाळी शेताच्या बांधावर बोटं कशी वाकत नाहीत, हे कोणी सांगत नाही. ते बाई सांगत. "हिवाळ्यात माणूस आखडते," त्या म्हणायच्या, "कागद नाही आखडू द्यायचा."

आमच्या संस्थेचं नाव मी लिहीत नाही. तिथे शेती शिकवतात, मागे प्रयोगाची शेतं आहेत, आणि एका बाजूच्या दोन खोल्यांत 'परदेशी विद्यार्थी कक्ष' आहे, एवढं पुरे. दहा-बारा वर्षांपूर्वी तो कक्ष म्हणजे तायडेबाई, आणि त्यांच्या हाताखाली मी. वडील त्याच संस्थेत शेतावर मदतनीस होते. ते गेल्यावर बरीच वर्षं वाट पाहून अनुकंपा तत्त्वावर मला नोकरी लागली होती, आणि ती अजून कायम व्हायची होती.

बाई ठेंगण्या होत्या. साडीवर पुरुषी बनावटीचं करडं जाकीट, पायांत मोज्यांवर चप्पल. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं, पण त्यामुळे त्या कधी अडल्या नाहीत. इंग्रजीची दोन वाक्यं झाली की सरळ वऱ्हाडीत शिरायच्या, आणि समोरच्या इथिओपियाच्या पोराला ते कळायचं. "पासपोर्ट इज नॉट चप्पल, कळलं काय? दाराबाहेर सोडून देवाले." तो मान हलवायचा. पुढच्या वेळी पासपोर्ट शर्टाच्या आत, छातीशी बांधलेला असायचा.

परदेशातून आलेल्या माणसाच्या मुक्कामाची पोलीस अधीक्षक कार्यालयात नोंद करावी लागते. राहण्याचा परवाना घ्यावा लागतो आणि मुदत संपायच्या आत तो वाढवून घ्यावा लागतो. मुदत हुकली तर तो माणूस बेकायदा ठरतो, मग तो कितीही हुशार असो. आमच्याकडचे बहुतेक जण उशिरा येत, म्हणून त्यांच्या मुदतीही हिवाळ्यात संपत. ही पोरं आपापल्या प्रयोगात आणि परीक्षेत बुडालेली. कक्षात या म्हटलं तर येत नसत.

त्यावर बाईंनी रोडगे काढले.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी शेताच्या कडेला गोवऱ्यांचा आर पेटायचा. कणकेचे रोडगे त्यात भाजायचे, शेजारी मोठ्या गंजात वांग्याची भाजी आणि वरण. सगळ्या परदेशी पोरांना आमंत्रण. अट एकच: येताना पासपोर्टची आणि परवान्याची झेरॉक्स आणायची. "झेरॉक्स द्या, रोडगे खा." बाई आराजवळ खुर्ची टाकून बसत, एका हाताने झेरॉक्स घेत, तारीख पाहत आणि दुसऱ्या हाताने ताटलीत तुपात बुडवलेला रोडगा ठेवत. कक्षात बोलावून न येणारी तीस पोरं तासाभरात तपासून व्हायची. एक काबूलचा मुलगा झेरॉक्स विसरला, तर त्याला बाईंनी भाजीचा वास घेत उभं ठेवलं. तो धावत वसतिगृहात जाऊन कागद घेऊन आला, तेव्हा त्याच्यासाठी झाकून ठेवलेले तीन रोडगे काढले. "घे लेका. गरमच हायेत."

एकदा चार जण कोणाला न सांगता चिखलदऱ्याला गेले. परदेशी माणूस मुक्कामाला थांबला की लॉजवाल्याला तो चोवीस तासांत पोलिसांना कळवावा लागतो. त्या लॉजवाल्याने असा फॉर्म कधी पाहिलाही नव्हता. घाबरून त्याने सकाळी कक्षात फोन लावला. बाईंनी त्याला पाऊण तास रकाना रकाना सांगून फॉर्म भरून घेतला. मधेच, "आईचं नाव त्यायलेच विचारा ना भाऊ, मले काय विचारता? मी काय त्यायची आई हाय?" सगळं संपल्यावर म्हणाल्या, "आता त्या पोट्ट्यायले फोन द्या." मला वाटलं, आता धुतील. बाईंनी एवढंच विचारलं, "मफलर नेले काय?"

बाईंच्या कामाचा जीव होता भिंतीवरचं कॅलेंडर. संगणक होता, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "तो बंद केला का सारंच बंद. भिंत बंद होत नाही." ज्याची मुदत ज्या दिवशी संपते, त्या चौकटीत लाल पेनाने त्याचं नाव. दर सोमवारी पुढची दोन महिन्यांची पानं उचलून पाहायची आणि ज्याचं नाव दिसेल त्याचे कागद सुरू करायचे. वर्ष संपताना एक दुपार त्या नव्या कॅलेंडरला द्यायच्या. परवाना वर्षाचा आणि तारीख तीच, म्हणून जुनं टेबलावर पसरून एकेक नाव नव्यावर चढवायच्या. त्या दुपारी बाईंशी कोणी बोलायचं नाही.

आता माझ्याविषयी लिहावं लागेल. मी ते इतकी वर्षं टाळलं.

त्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाईंची थोरली बहीण अमरावतीला न्हाणीत पाय घसरून पडली. खुबा मोडला. बाई तीन आठवड्यांची रजा टाकून निघाल्या. जाताना बसस्टँडवरून फोन केला. "राऊत, कॅलेंडर तेवढं उतरवून घेजो. घाई करू नको."

मी घाई केली. सगळं तासाभरात उरकलं. बारा पानं समोर होती, बाराही उतरवली. डिसेंबरचं पान उलटून पाहिलं नाही. पाठीमागे काय असतं? पाककृती, राशी, एस.टी.चं वेळापत्रक. पण जानेवारीच्या सुरुवातीच्या मुदतींचे कागद आधीच्या डिसेंबरातच करावे लागत, आणि पुढच्या जानेवारीला जुन्या कॅलेंडरात चौकटच नसते. म्हणून ज्यांची मुदत जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, त्यांची नावं बाई जानेवारीच्या चौकटीत खोडून डिसेंबरच्या पानामागे, वेळापत्रकाच्या समासात लिहीत. मी दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसलो होतो. हे मला ठाऊक असायला हवं होतं.

पहिल्या तारखेला बाईंचा अमरावतीहून फोन आला. "जानेवारीचे सारे चढवले ना?"

"हाव बाई, सारे."

मी पाहिलं नव्हतं. पाहिल्यासारखं म्हणालो. रोडगेही मीच रद्द केले. बाई नाहीत तर कोण करणार, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला रविवारी घरी राहायचं होतं.

आणि जुनं कॅलेंडर मी घरी नेलं. त्याचा कागद जाड आणि गुळगुळीत असतो. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती आणि तिच्या पुस्तकांची कव्हरं फाटली होती. आपल्याकडे कॅलेंडरचं पान वाया जात नाही.

जानेवारीच्या सतरा तारखेला चिसोमो कक्षात आला. तो मलावीचा, तुरीवर संशोधन करत होता. त्यांच्याकडेही तूर पिकते, त्याची आई पिकवते. तिकडे तुरीला नांदोलो म्हणतात. बाई तुरीच्या हिरव्या शेंगा उकडून आणत तेव्हा तो डोळे मिटून खायचा. शेतात त्याचे प्रयोगाचे वाफे होते, दुसऱ्या वर्षाचे. शेंगा वाळत आल्या होत्या आणि आठवड्याभरात कापणी होती. पहिल्या वर्षाची आकडेवारी दुसऱ्या वर्षाशिवाय निकामी. तो बँकेत गेला होता, तिथल्या बाईने सांगितलं की तुमचा परवाना आठ तारखेलाच संपला.

"तुला माहीत नव्हतं का?" मी विचारलं. 

"मॅमनी सांगितलं नाही," तो म्हणाला, "म्हणून मला वाटलं, वेळ आहे." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "मला परत पाठवतील का? माझी तूर उभी आहे."

त्याच्या अंगात तपकिरी स्वेटर होता, डाव्या कोपरावर रफू केलेला. माझ्या आईने बाईंना दिलेला. तो माझ्या वडिलांचा होता.

संध्याकाळी घरी मुलगी भूगोलाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. मी ते घेतलं आणि कव्हरची आतली घडी उलगडली. अमरावती-अकोला गाड्यांच्या वेळांशेजारी लाल अक्षरात होतं: चिसोमो, ८. अर्ज तयार, सरांची सही बाकी.

घडी मी पुन्हा जशीच्या तशी बसवली.

बँकेने कळवलं असावं, दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या परदेशी नोंदणी शाखेतून संचालकांना निरोप आला. उशीर कोणामुळे झाला ते संस्थेने लेखी कळवावं. विद्यार्थ्यामुळे झाला असेल तर त्याच्यावर कारवाई होईल, आणि त्यात त्याला देश सोडायला सांगितलं जाऊ शकतं. कार्यालयामुळे झाला असेल तर जबाबदार माणसाचं नाव द्या.

संचालकांना नाव द्यायचं नव्हतं. "विद्यार्थ्याने स्वतःची तारीख पाहायला नको का?" ते म्हणाले. माझी कायम होण्याची फाइल त्यांच्याच टेबलावर होती. तिची निळी नाडी मला दिसत होती. चिसोमो कोपऱ्यात, माझ्या वडिलांच्या स्वेटरात उभा.

तेवढ्यात बाई आल्या. अमरावतीच्या बसमधून थेट, हातात कापडी पिशवी, कानाला मफलर. कोणीतरी त्यांना फोन केला होता. मी नव्हता केला. त्यांनी आधी चिसोमोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जास्त वेळ पाहिलं.

"साहेब, पोराचा दोष नाही. नोंद उतरवताना राहिली."

"कोणाकडून?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण उघडलेल्या तोंडातून काही निघालं नाही, हेही तितकंच खरं.

"टेबल माहं हाय," बाई म्हणाल्या. "कागद द्या, लिहून देतो."

त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं. चार ओळी, खाली सही. संचालक म्हणाले, "बाई, निवृत्तीला दीड वर्ष राहिलं तुमचं. हे सेवापुस्तकात जाईल."

"जाऊ द्या. त्या पुस्तकात तशीबी लय जागा हाय."

बाहेर आल्यावर चिसोमोने पुन्हा विचारलं, "मॅम, माझी तूर?" बाईंनी त्याच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. "कापाले लाग. कागदाचं माह्यावर सोड."

पुढचे दहा दिवस बाई रोज सकाळी अधीक्षक कार्यालयात जाऊन बाकावर बसत. तिथल्या हवालदाराच्या मुलाचा शाळेचा दाखला हरवला होता, तो कसा काढायचा हेही त्यांनी तिथेच बसून सांगितलं. रविवारी त्यांनी रद्द झालेले रोडगे चिसोमोच्या वाफ्यांच्या कडेला लावले. तीस पोरांनी मिळून तूर कापली. वाफ्यावाफ्याच्या पेंड्या वेगळ्या बांधल्या, चिठ्ठ्या लावल्या. मी आराजवळ गोवऱ्या रचत होतो. बाईंनी माझ्या ताटलीत तूप वाढलं, आणि ते सगळ्यांच्याइतकंच वाढलं. अकराव्या दिवशी परवाना आला, तेव्हा तूर मोजून, वजन करून, पोत्यांत भरून झाली होती.

मग नोटीस आली. बाईंना कक्षातून हलवून जडवस्तू विभागात टाकलं. तिथे मोडक्या खुर्च्या, बंद पंखे आणि गंजलेले स्प्रे-पंप यांची नोंद ठेवतात. फेब्रुवारीत मी कायम झालो आणि बाईंचं टेबल मला मिळालं. किल्ल्या देताना त्यांनी स्वेटरांचा कप्पा उघडून दाखवला, वही दिली, लाल पेन दिला. म्हणाल्या, "पान उलटून पाह्यत जाय."

तेव्हा मला वाटलं, कामाचा धडा देतात.

त्याच आठवड्यात, रथसप्तमीच्या आत, माझ्या बायकोने त्यांना तिळगुळाला बोलावलं होतं. बाई आल्या, खुर्चीवर बसल्या. मुलीने अभ्यास दाखवायला म्हणून पुस्तकं आणली. भूगोलाचं पुस्तक बाईंच्या हातात गेलं. कव्हरवर डिसेंबरच्या चौकटी होत्या आणि त्यांत त्यांचीच लाल अक्षरं. त्यांनी बोट फिरवलं. आतल्या घडीपाशी बोट थांबलं. मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा पेला घेऊन उभा होतो. बाईंनी पुस्तक मिटलं आणि मुलीला म्हणाल्या, "कव्हर मस्त चढवलं वं तुह्या बाबानं."

पाणी प्यायल्या आणि गेल्या.

दीड वर्षाने त्या निवृत्त झाल्या. कक्षातर्फे निरोप समारंभ झाला नाही, कारण त्या कक्षात नव्हत्या. पोरांनी जडवस्तू विभागाच्या गोदामातच तो केला. मोडक्या खुर्च्यांवर बसून इथिओपियाच्या मुलीने गाणं म्हटलं. चिसोमोने भाषण केलं, निम्मं वऱ्हाडीत. "मॅमनी मले ठेवून घेतलं," तो म्हणाला, आणि खाली बसला. मी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटत होतं की चूक मॅमची झाली आणि मॅमनीच ती निस्तरली. पीएच.डी. होऊन तो परत गेला, तेही तसंच मनात घेऊन. जाताना माझ्या वडिलांचा स्वेटर धुऊन, इस्त्री करून वहीत जमा करून गेला.

आता परवान्याचं सगळं काम संगणकावर होतं. मुदत जवळ आली की पडद्यावर खूण येते. तरी मी भिंतीवर कॅलेंडर लावतो. रोडगे मी एकदाही चुकवले नाहीत. लोक म्हणतात, राऊतबाबू पोरांसाठी फार करतात. हे सगळं मी बाईंकडून उचललंय, आणि ते खाली ठेवायची माझी हिंमत नाही, हे त्यांना कुठून माहीत असणार.

गेल्या हिवाळ्यात मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली. तिची जुनी पुस्तकं रद्दीत काढताना ते भूगोलाचं पुस्तक हाती आलं. मी कव्हर काढलं आणि एका रविवारी सकाळी मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात गेलो.

बाई ओट्यावर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. तेच करडं जाकीट. फार वाळल्या होत्या, पण आवाज तोच. "काहून रे राऊत? कान उघडे ठेवून फिरून राहिला इतक्या हिवात?"

मी पान त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मग बोललो. फोनवर खोटं बोललो ते, रोडगे का रद्द केले ते, संचालकांच्या खोलीत गप्प का राहिलो ते. शेवटी म्हणालो, "तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहून दिलं."

"खोटं?" बाईंनी शेंग खाली ठेवली. "म्या जन्मात खोटा कागद लिवला नाही. पानाच्या पाठीमागं नावं लिवून ठेवाची अक्कल माही होती. नव्या माणसाले सांगाची राहिली, तेबी माहंच. चूक माही होती, तेच लिवलं."

मी बारा वर्षं एक ओझं वाहत होतो आणि ते अर्धं माझं नव्हतंच, असं क्षणभर वाटलं. बाईंनी ते पुरतं वाटू दिलं नाही.

"पान लपवलं ते मात्र तुहं," त्या म्हणाल्या. "ते काही म्या माह्या नावावर घेतलं नव्हतं."

शेंगा सोलणं पुन्हा सुरू झालं. शेजारच्या घरात कोणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं.

"चिसोमोले सांगतलं काय?"

"नाही."

"मंग मले काय सांगून राहिला, बाबू? मले तं माहीत होतं. ज्याची तूर उभी होती, त्याले सांग."

त्यांनी माझ्या ओंजळीत हिरवे दाणे टाकले. ते खाऊन होईपर्यंत मला उठू दिलं नाही. खाताना कोण कोण कुठे आहे ते विचारत राहिल्या. काबूलचा मुलगा, चिखलदऱ्याचे चौघं. मला तिघांचं माहीत होतं, त्यांना सगळ्यांचं. निघताना स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून माझ्या कानांना बांधला. "वापस आणून देजो. वहीत लिवजो."

वळणावरून मागे पाहिलं. बाईंनी ते पान उचललं होतं. चष्मा घरात असावा, कारण पान डोळ्यांजवळ, उन्हासमोर धरलं होतं आणि ओठ हलत होते. एकेक नाव वाचत होत्या. ऊन आरपार येत होतं, डिसेंबरच्या चौकटीही दिसत असतील आणि मागचा लाल आठचा आकडाही.

बाई उन्हाळ्यात गेल्या. मफलर वहीत लिहिलेला आहे, परत करायचा राहिला.

त्या रविवारी दुपारीच मी चिसोमोला पत्र लिहिलं. इंग्रजीत दोन वाक्यं झाल्यावर अडलो, म्हणून पुढचं सरळ वऱ्हाडीत लिहिलं. त्याला कळतं.